जुना तारजोडीचा प्रिंटर बिनतारी जाळ्याला जोडणे

वाय-फायची सोय नसलेला, केवळ केबलने चालणारा प्रिंटर एखाद्या मध्यस्थ साधनामार्फत घरातील बिनतारी जाळ्यात आणण्याच्या प्रक्रियेला जुना तारजोडीचा प्रिंटर बिनतारी जाळ्याला जोडणे असे म्हणतात. ही जोडणी झाल्यावर त्या जाळ्यातील कोणत्याही संगणकावरून, आणि काही पद्धतींत मोबाइलवरूनही, छपाई करता येते. चालू संगणकामार्फत प्रिंटर सामायिक करणे, राउटरच्या यूएसबी जागेचा उपयोग करणे, प्रिंट सर्व्हर लावणे आणि लिनक्स प्रणालीवर चालणारा लहान संगणक मध्ये ठेवणे हे तिचे चार प्रचलित मार्ग आहेत. यांपैकी कोणता मार्ग चालेल हे वाय-फायच्या वेगावर किंवा साधनाच्या किमतीवर ठरत नाही. प्रिंटरला कोणती भाषा कळते यावर ते ठरते. हे लक्षात न घेता साधन विकत घेतल्यास पैसे वाया जातात.

नावाविषयी

शासकीय व शैक्षणिक लेखनात प्रिंटरसाठी 'मुद्रक' असा प्रतिशब्द आढळतो. तथापि मराठीत 'मुद्रक' हा शब्द यंत्रासाठी नव्हे, तर छपाई करणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ आहे. वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानावरील मुद्रक व प्रकाशक यांच्या नावांची ओळ सर्वांच्या परिचयाची आहे. 'मुद्रक जाळ्याला जोडला' हे वाक्य त्यामुळे विनोदी वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखात प्रिंटर, राउटर, केबल, ड्रायव्हर हे बोलण्यात रुळलेले शब्दच वापरले आहेत. वायरलेस यासाठी मात्र 'बिनतारी' हा जुना व नेमका मराठी शब्द उपलब्ध आहे.

पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकाच्या आरंभीच्या काळात प्रिंटर समांतर जोडणीने संगणकाला जोडला जाई. ही जोडणी अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स या कंपनीने १९७० च्या सुमारास आणली. प्रिंटरकडील बाजूस ३६ टोकांचा रुंद जोड आणि संगणकाकडील बाजूस २५ टोकांचा जोड अशी तिची जाड केबल अनेक शासकीय कार्यालयांत व सहकारी संस्थांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांबरोबर पुढेही दीर्घकाळ दिसत राहिली. १९९४ मध्ये आयईईई १२८४ या मानकाने या जोडणीला निश्चित रूप मिळाले. तोपर्यंत तिचा काळ सरत आला होता, कारण जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि पुढील दशकात घरगुती प्रिंटर जवळजवळ पूर्णपणे यूएसबीवर आले.

बिनतारी जाळ्याचे ८०२.११ हे मानक १९९७ चे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ मध्ये परवान्याच्या अटीतून मुक्त करण्यात आले आणि घरोघरी वाय-फाय येण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरही बरीच वर्षे भारतात विकले गेलेले स्वस्त लेसर प्रिंटर केवळ यूएसबीचेच होते. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेसरजेट १०२० ही त्यांतील दोन परिचित नावे. शाळा, पतसंस्था, वकिलांची कार्यालये, झेरॉक्सची दुकाने आणि घरे यांत ही यंत्रे आजही काम करताना दिसतात. त्यांचे टोनर कार्ट्रिज स्थानिक पातळीवर पुन्हा भरून मिळते, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण आहे. यंत्र धडधाकट आहे आणि घरातील कागदपत्रे मात्र आता मोबाइलमध्ये येतात, या विसंगतीतून प्रस्तुत प्रश्न उद्भवतो.

केबल काढून वाय-फाय का लावता येत नाही

प्रिंटरच्या यूएसबी छिद्रात वाय-फायचे लहान डोंगल खोचले की प्रिंटर बिनतारी होईल, अशी एक समजूत आढळते. ती चुकीची आहे. यूएसबी जोडणीत एक बाजू यजमानाची आणि दुसरी पाहुण्याची असते. यजमान विचारतो व आज्ञा देतो, पाहुणा केवळ उत्तर देतो. प्रिंटर हा पाहुणा आहे आणि डोंगलही पाहुणाच आहे. दोन पाहुणे एकमेकांना जोडले तर संभाषण सुरू करणारा कोणीच उरत नाही. काही बहुउद्देशीय प्रिंटरांना पुढील बाजूस पेन ड्राइव्हसाठी छिद्र असते. तेथे प्रिंटर यजमान असतो, पण त्याला केवळ फाइली वाचणे शिकवलेले असते. डोंगल चालवणे त्याला येत नाही.

तेव्हा मधे यजमानाची भूमिका करणारे काहीतरी हवेच. आजवर ते काम संगणक करीत आला. जोडणीचा प्रत्येक मार्ग म्हणजे संगणकाच्या या कामाचा थोडा किंवा सगळा भाग दुसऱ्या साधनावर सोपवणे होय.

प्रिंटरची भाषा

संगणकाचे दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. पडद्यावरील पान प्रिंटरला समजेल अशा आज्ञांत उतरवणे हे ते काम. ड्रायव्हर नावाची संगणकप्रणाली ते करते. या बाबतीत प्रिंटरांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गातील प्रिंटरांना स्वतःची पूर्ण भाषा असते. एचपीची पीसीएल, अडोबीची पोस्टस्क्रिप्ट, एप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांची ईएससी/पी या त्या भाषा होत. 'अमुक ठिकाणी अमुक आकाराचे अक्षर काढ' अशी आज्ञा या प्रिंटरांना कळते. आज्ञा कोणत्या वाटेने आली याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, म्हणून कोणत्याही साध्या मध्यस्थामार्फत ते सहसा बिनतक्रार चालतात.

दुसरा वर्ग संगणकावलंबी प्रिंटरांचा. किंमत कमी ठेवण्यासाठी यांतील बुद्धी काढून ती संगणकाकडे दिलेली असते. ए४ आकाराचे पान ६०० बिंदू प्रति इंच या प्रमाणात मांडले तर सुमारे साडेतीन कोटी बिंदू होतात आणि ते जसेच्या तसे साठवण्यास ४ एमबीहून अधिक जागा लागते. एलबीपी २९०० आणि लेसरजेट १०२० या दोन्ही यंत्रांची स्मृती मात्र २ एमबी आहे. म्हणजे पूर्ण पान एका वेळी त्यांच्या पोटात मावतच नाही. संगणक पानाचे बिंदूंमध्ये रूपांतर करतो, ते दाबून लहान करतो आणि प्रिंटरच्या गतीने तुकड्यातुकड्याने पुरवतो.

कॅननच्या प्रिंटरात हे काम सीएपीटी नावाच्या कंपनीच्या खासगी पद्धतीने चालते. तीत संगणक व प्रिंटर यांच्यात सतत दुतर्फा बोलणे होते: कागद आहे का, मागील तुकडा पोहोचला का, पुढचा पाठवू का. साधा प्रिंट सर्व्हर एका दिशेने माहिती ढकलतो. परतीचे उत्तर तो संगणकाला नीट पोहोचवत नाही. परिणामी छपाई सुरूच होत नाही किंवा अर्ध्यावर थांबते.

लेसरजेट १०२० ची अडचण निराळी आहे. या यंत्रात त्याची अंतर्गत प्रणाली कायमस्वरूपी साठवलेली नसते. दर वेळी वीज सुरू झाल्यावर संगणकातील ड्रायव्हर ती प्रिंटरमध्ये उतरवतो. प्रिंटर साध्या प्रिंट सर्व्हरला जोडलेला असेल, तर ते काम करणारे कोणीच नसते. यंत्राचा दिवा लागतो, जाळ्यावर ते दिसते, आज्ञा स्वीकारल्यासारखे वाटते आणि कागद मात्र हलत नाही. यंत्र आधी केबलने संगणकाला जोडून सुरू केले आणि मग वीज न घालवता प्रिंट सर्व्हरला लावले, तर ते पुढच्या वीजखंडापर्यंत चालते. जेथे वीज दिवसातून अनेकदा जाते तेथे हा उपाय कितपत टिकेल, हे सांगावयास नको.

शाईच्या टाकीच्या एप्सन प्रिंटरांची ईएससी/पी-आर ही भाषा या दोन्हींच्या मधली म्हणता येईल. तिचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर कंपनीने खुला केला असल्याने लहान संगणकाच्या मार्गाने हे प्रिंटर चांगले चालतात.

जोडणीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

प्रिंटरच्या मागील बाजूचे छिद्र प्रथम पाहावे. चौकोनी, वरचे दोन कोपरे तिरके असलेले छिद्र यूएसबीचे असते. टेलिफोनच्या पिनेसारखे परंतु थोडे रुंद छिद्र असेल, तर ते इथरनेटचे होय आणि मग या लेखातील बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत: प्रिंटर केबलने राउटरला जोडावा, एवढेच काम उरते. राउटर दुसऱ्या खोलीत असल्यास इथरनेटचे छिद्र असलेला वाय-फाय विस्तारक प्रिंटरजवळ लावून लहान केबलने जोडता येतो. फक्त समांतर जोडणी असलेल्या डॉट मॅट्रिक्ससाठी समांतर छिद्राचा प्रिंट सर्व्हर लागतो. समांतर-यूएसबी रूपांतराच्या केबली मिळतात, परंतु त्या सर्व मध्यस्थांबरोबर चालतातच असे नाही.

त्यानंतर प्रिंटरचे पूर्ण नाव व क्रमांक घेऊन त्याच्या माहितीपुस्तिकेत भाषेचा उल्लेख शोधावा. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असा उल्लेख असेल तर मार्ग सुकर आहे. 'होस्ट-बेस्ड', 'जीडीआय' किंवा 'सीएपीटी' असा असेल तर साधा प्रिंट सर्व्हर विकत घेण्याचा विचार सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज अपडेटमार्फत अन्य कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे तोवरच उतरवून पेन ड्राइव्हवर जपून ठेवणे शहाणपणाचे आहे. प्रिंटरबरोबर आलेली सीडी असली तरी नव्या लॅपटॉपना सीडीची सोय नसते.

चालू संगणकामार्फत सामायिक करणे

प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला आहे त्यालाच जाळ्यातील इतरांसाठी दार उघडण्यास सांगणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग. संगणकावलंबी प्रिंटरांसाठी तो सर्वांत भरवशाचाही आहे, कारण प्रिंटरशी बोलणारा ड्रायव्हर पूर्वीच्याच जागी राहतो. विंडोजमध्ये प्रिंटरच्या 'प्रॉपर्टीज' खिडकीतील 'शेअरिंग' या पानावर त्याला सोपे, शक्यतो जोडाक्षरविरहित रोमन नाव द्यावे. घरचे जाळे 'प्रायव्हेट' प्रकारात ठेवावे आणि प्रिंटर सामायिक करण्याची अनुमती चालू करावी. दुसऱ्या संगणकावर प्रिंटर जोडताना पहिल्या संगणकाचे नाव व त्यापुढे प्रिंटरचे नाव दिले की तो दिसू लागतो.

या मार्गाला मोठा तडाखा २०२१ मध्ये बसला. त्या वर्षी विंडोजच्या छपाई सेवेतील गंभीर सुरक्षात्रुटी उघडकीस आल्या. त्यांतील जुलैमधील त्रुटी 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने गाजली. सप्टेंबरमधील सुरक्षा सुधारणांनंतर असंख्य ठिकाणी सामायिक प्रिंटर अचानक बंद पडले आणि पडद्यावर ०x०००००११बी असा संकेतांक दिसू लागला. त्यावर सुरक्षातपासणी बंद करण्याचा तोडगा सर्वत्र पसरला. आजही तो सांगितला जातो. तो करू नये. दोन्ही संगणकांवरील विंडोज अद्ययावत करणे आणि दुसऱ्या संगणकावर तोच ड्रायव्हर आधी स्वतंत्रपणे बसवणे यांनी अडचण बहुधा दूर होते.

या मार्गाची मुख्य उणीव उघड आहे. छपाईच्या वेळी पहिला संगणक चालू हवा. तो निद्रावस्थेत गेला तरी प्रिंटर दिसेनासा होतो.

राउटरच्या यूएसबी जागेचा उपयोग

काही राउटरांना यूएसबी छिद्र असते. परंतु छिद्र आहे म्हणजे प्रिंटर चालेलच असे नाही. अनेक राउटरांत ते केवळ पेन ड्राइव्हसाठी असते. जेथे प्रिंटरची सोय आहे तेथे दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात राउटर साध्या प्रिंट सर्व्हरसारखा वागतो. दुसऱ्या प्रकारात तो यूएसबीची केबलच जणू जाळ्यावरून लांब करतो: संगणकावर एक साहाय्यक प्रणाली बसवली की त्याला प्रिंटर आपल्यालाच केबलने जोडला आहे असे वाटते. हा दुसरा प्रकार संगणकावलंबी प्रिंटरांनाही चालतो आणि पुष्कळदा स्कॅनरही त्यातून वापरता येतो. पण एका वेळी एकच संगणक प्रिंटर धरू शकतो, मोबाइल तर नाहीच. अशा प्रकारच्या नेटयूएसबी या तंत्रात २०१५ मध्ये मोठी सुरक्षात्रुटी सापडली होती. राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत नसेल तर ही सोय बंद ठेवणेच बरे.

प्रिंट सर्व्हर

प्रिंट सर्व्हर ही तळहाताएवढी पेटी असते. एका बाजूस प्रिंटर आणि दुसऱ्या बाजूस इथरनेट किंवा वाय-फाय. तिची मांडणी करताना प्रथम ती इथरनेट केबलने राउटरला जोडावी. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टाकून तिचे पान उघडावे, तेथे घरच्या वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि मगच केबल काढावी. जुन्या पेट्या केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डब्ल्यूपीए३ ही नवी कुलूपपद्धत त्यांना ठाऊक नसते. राउटरवर डब्ल्यूपीए२ ठेवले नाही तर त्या जाळ्यात शिरूच शकत नाहीत.

पेटीला कायमचा पत्ता देणे ही या मांडणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. राउटर प्रत्येक साधनाला १९२.१६८.१.५० अशा धर्तीचा पत्ता देतो. वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो. संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. प्रिंटर बिघडला असे समजून ड्रायव्हर पुन्हापुन्हा बसवण्यात लोकांच्या संध्याकाळी जातात. बिघाड पत्त्याचा असतो. राउटरच्या पानावर त्या पेटीसाठी पत्ता राखून ठेवल्यास हा त्रास संपतो.

शेवटी संगणकावर 'टीसीपी/आयपी पत्त्याने प्रिंटर जोडा' हा पर्याय निवडून तो पत्ता द्यावा. बहुतेक पेट्या ९१०० या क्रमांकाच्या द्वारावर माहिती घेतात. हे द्वार एचपीच्या जेटडायरेक्ट साधनांमुळे रूढ झाले. काही पेट्या ५१५ क्रमांकाचे जुने एलपीडी द्वार वापरतात. तेथे रांगेचे नाव पेटीच्या माहितीपत्रकाप्रमाणे अचूक द्यावे लागते. बहुउद्देशीय यंत्रातील स्कॅनर साध्या प्रिंट सर्व्हरमार्फत सहसा चालत नाही आणि शाईची पातळीही दिसत नाही.

लिनक्सचा लहान संगणक

रास्पबेरी पायसारखा लहान संगणक किंवा कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप प्रिंटरशेजारी ठेवून त्यावर कप्स ही छपाईप्रणाली चालवणे, हा सर्वांत समर्थ मार्ग आहे. मायकेल स्वीट यांनी कप्स १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. २००७ मध्ये ॲपलने ती विकत घेतली, तरी ती मुक्त स्रोतच राहिली. पान कोणत्याही संगणकाकडून वा मोबाइलकडून आले तरी प्रिंटरच्या भाषेत त्याचे रूपांतर येथे मध्यस्थच करतो. अवाही ही प्रणाली प्रिंटर जाळ्यावर जाहीर करते, त्यामुळे आयफोनला तो एअरप्रिंटचा प्रिंटर वाटतो आणि अँड्रॉइडलाही तो आपोआप सापडतो. लेसरजेट १०२० ची अंतर्गत प्रणाली दर वेळी उतरवण्याचे कामही हा संगणक करतो. स्कॅनर जाळ्यावर आणण्यासाठी सेन ही प्रणाली आहे.

येथेही भाषेचा अडसर पूर्णपणे सुटत नाही. कॅननने सीएपीटीचा लिनक्स ड्रायव्हर दिला, परंतु तो इंटेल धाटणीच्या संगणकांसाठी आहे. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम धाटणीचा असल्याने तो तेथे चालत नाही. स्वयंसेवकांनी यंत्राचे बोलणे ऐकून लिहिलेला कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त ड्रायव्हर एलबीपी २९०० साठी उपलब्ध आहे. तो मात्र मूळ संकेतावलीपासून स्वतः तयार करून घ्यावा लागतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एलबीपी २९०० साठी जुना इंटेल लॅपटॉपच वापरावा.

मोबाइलवरून छपाई

गूगलची क्लाउड प्रिंट ही सेवा जुन्या प्रिंटरांना मोबाइलशी जोडण्याचा सोपा उपाय होता. ती ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. जुन्या लेखांत तिचा सल्ला अजूनही आढळतो. तो निरुपयोगी आहे. सध्या खरा बिनतारी अनुभव हवा असल्यास वर वर्णिलेला कप्सचा मार्गच उरतो. एखाद-दुसऱ्या पानासाठी ओटीजी केबलने प्रिंटर थेट अँड्रॉइड मोबाइलला जोडून छपाई करणारी ॲपही आहेत. विंडोजवर सामायिक केलेला प्रिंटर अँड्रॉइडच्या मूळ छपाई सेवेला दिसत नाही.

व्यवहारात लोकांनी याहून साधी तोड काढली आहे. कागद व्हॉट्सॲपवर संगणकाकडे पाठवायचा आणि तेथून छापायचा. झेरॉक्सच्या दुकानांत हीच रीत आहे. तीत आधार कार्डासारख्या कागदांच्या प्रती दुकानाच्या संगणकात राहून जातात. घरचा प्रिंटर जाळ्यात आणण्यामागे हे एक रास्त कारण ठरते.

देवनागरी मजकुराची छपाई

मराठी मजकुराबाबत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. अनेक शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका व पत्रके श्री-लिपी, शिवाजी किंवा सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी मालिकेतील फॉन्टांत टंकलिखित आहेत. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवलेले असतात. पानाचे बिंदूंत किंवा आज्ञांत रूपांतर छपाईची आज्ञा देणाऱ्या संगणकावर सुरू होत असल्यामुळे तो फॉन्ट त्याच संगणकावर असावा लागतो. जोपर्यंत घरात एकच संगणक होता तोपर्यंत हे जाणवले नाही. प्रिंटर जाळ्यात आल्यावर दुसऱ्या लॅपटॉपवरून तीच प्रश्नपत्रिका छापली, तर कागदावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. दोष प्रिंटरला दिला जातो, पण तो त्याचा नसतो. मूळ संगणकावर फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ तयार करणे हा खात्रीचा उपाय आहे. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे.

डॉट मॅट्रिक्सला मोबाइलवरून साधा मजकूर थेट पाठवल्यास युनिकोड देवनागरीचेही असेच होते, कारण त्या यंत्रांच्या अंगभूत अक्षरसंचात सामान्यतः देवनागरी नसते. तेथे पान चित्ररूपानेच पाठवावे लागते. छपाई संथ होते, पण अक्षर शुद्ध येते.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, २०२३ मध्ये नामांतर) या मराठवाड्यातील जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाच्या तीन बाजू विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पहिली घराच्या बांधणीची. जिल्ह्यातील जुन्या वाड्यांच्या व माळवदाच्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा व लोहारा तालुक्यांतील अशी असंख्य घरे कोसळली आणि तेथे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. अन्यत्र मात्र जुनी घरे पुष्कळ आहेत. अशा भिंतीतून वाय-फायची लहर फार क्षीण होते. ५ गिगाहर्ट्झची तर जवळजवळ संपतेच. राउटर ओसरीवर आणि प्रिंटर आतल्या खोलीत अशी मांडणी असल्यास प्रिंट सर्व्हर २.४ गिगाहर्ट्झवरच ठेवावा आणि राउटर दाराच्या रेषेत आणावा. पत्र्याच्या आडोशामागे राउटर ठेवू नये, धातू लहरी परतवतो. भिंतीत आधीच एखादे छिद्र असेल तर त्यातून इथरनेटची केबल ओढणे सर्वांत उत्तम. बिनतारीचा आग्रह शेवटच्या दहा फुटांपर्यंत धरण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू विजेची. भारनियमन आणि वीजखंड यांमुळे राउटर, प्रिंट सर्व्हर व प्रिंटर एकाच वेळी बंद होऊन एकाच वेळी सुरू होतात. राउटर तयार होण्यापूर्वीच पेटी जाळे शोधू लागते आणि पुष्कळदा न सापडल्याने गप्प बसते. वीज आल्यावर आधी राउटर, दोन मिनिटांनी पेटी व शेवटी प्रिंटर असा क्रम पाळावा. राउटर व पेटी लहान यूपीएसवर ठेवता येतात. लेसर प्रिंटर मात्र घरगुती इन्व्हर्टरला जोडू नये. टोनर वितळवून कागदावर बसवणारा त्याचा तापक क्षणभर शेकडो वॅट खेचतो आणि इन्व्हर्टर बंद पडू शकतो. शाईच्या प्रिंटरला हे बंधन नाही.

तिसरी बाजू इंटरनेटची; आणि येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. घरच्या जाळ्यावरील छपाईला इंटरनेट लागत नाही. प्रिंटर व संगणक एकाच राउटरशी बोलत असले की पुरे. राउटरला बाहेरची जोडणी नसली तरी कागद छापला जातो. वाड्या-वस्त्यांवर अनेक घरांत इंटरनेट फक्त मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येते. हॉटस्पॉटलाच घरचे जाळे मानून प्रिंट सर्व्हर जोडला, तर मोबाइल बाहेर गेला की जाळेही गेले. शिवाय अलीकडील अँड्रॉइड मोबाइल दर वेळी वेगळी पत्तामालिका देऊ शकतात, त्यामुळे राखून ठेवलेला पत्ता निरुपयोगी होतो. त्यापेक्षा बाहेरच्या जोडणीविना एखादा साधा राउटर घरात कायम चालू ठेवावा. सातबारा उतारा किंवा अर्जाची पावती मोबाइल डेटावर उतरवून घ्यावी आणि मग त्या राउटरशी जोडून छापावी.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात २०१८ पासून मिळू लागला आणि १५ रुपये शुल्क भरून तो घरबसल्या उतरवता येतो. पीकविमा, पीककर्ज, शिष्यवृत्ती, शाळाप्रवेश अशा कामांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत एक पान छापून मिळण्यासाठी तालुक्याच्या गावी जाण्याची पाळी येते. अशा वेळी घरातील जुना प्रिंटर मोबाइलला दिसतो की नाही, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

सुरक्षितता

केबलने जोडलेल्या प्रिंटरपर्यंत पोहोचण्यास घरात यावे लागते. जाळ्यातील प्रिंटरला ते लागत नाही. ९१०० द्वारावर ओळख विचारण्याची कोणतीही व्यवस्था नाही. जो जाळ्यात आहे तो छापू शकतो आणि पाठवलेला मजकूर कुलूपबंदही नसतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अज्ञात व्यक्तीने इंटरनेटवर उघडी पडलेली ही द्वारे शोधून जगभरातील सुमारे ५० हजार प्रिंटरांवर एक पत्रक छापल्याचा दावा केला होता. त्या प्रसंगी नुकसान कागदापुरतेच झाले. राउटरमधून प्रिंटरकडे बाहेरून येणारी वाट कधीही उघडू नये, प्रिंट सर्व्हरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि पाहुण्यांना व शेजाऱ्यांना वाय-फाय द्यावयाचे असल्यास ते अतिथी जाळ्यातून द्यावे. मध्यस्थ म्हणून वापरलेला जुना संगणक विकताना त्यातील छपाईच्या रांगेत उरलेले कागदही पुसावेत.

जोडणी केव्हा करू नये

प्रिंटरचा ड्रायव्हर घरातील एकाही चालू संगणकासाठी उपलब्ध नसेल, किंवा मध्यस्थ साधनाची किंमत वाय-फाय असलेल्या साध्या नव्या प्रिंटरच्या जवळपास जात असेल, तर जोडणीचा खटाटोप व्यर्थ आहे. महिन्याला चार-दोन पानेच छापली जात असतील तरीही तेच. तेथे संगणक चालू करून छापणे पुरेसे आहे. उलट यंत्र दणकट आहे, टोनर जवळच भरून मिळतो आणि घरात दोन-तीन जण छापणारे आहेत, तर एका मध्यस्थाने त्याची आणखी काही वर्षे उपयोगाची होतात. टाकून देण्याची वेळ आलीच तर प्रिंटर व त्याचे कार्ट्रिज दोन्ही ई-कचरा नियम, २०२२ यांच्या कक्षेत येतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यानुसार अशी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे अपेक्षित आहे. टोनरची भुकटी अतिशय बारीक असते. कार्ट्रिज घरी फोडू नये आणि जाळू तर मुळीच नये.